शिवनेचा हिशेब ऑक्टोबरातच मांडा

दसरा उलटला की लासूर स्टेशनच्या बाजारात दोन गोष्टींची चौकशी हमखास असते. कांद्याचं रोप कुठं मिळतंय, आणि जायकवाडी किती टक्के भरलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर रोज छापून येतं आणि आकडा मोठा असला की सगळ्यांना हायसं वाटतं. मग विहिरीत डोकावून न बघताच दोन एकराऐवजी चार एकर कांदा लावायचं ठरतं. फेब्रुवारीत मोटार तासाभरात उघडी पडायला लागते, तेव्हा मात्र त्या टक्केवारीचा काही उपयोग होत नाही.

नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, आपल्या खालच्या अंगाला आहे. कन्नडच्या डोंगरात उगम पावणारी शिवना आपल्या शिवारातून जाऊन पुढे गोदावरीला मिळते. तिचं पाणी तिकडे जातं, तिकडचं पाणी पंप आणि पाइपलाइन असल्याशिवाय आपल्याकडे येत नाही. जायकवाडीत साठतं ते बहुतांश नाशिक आणि अहिल्यानगरच्या घाटमाथ्यावरचं पाणी. इगतपुरीत धो धो कोसळला, नाशिककडच्या गंगापूर आणि दारणा धरणांतून विसर्ग सुटला की पैठणला जायकवाडीचा साठा वाढतो. त्याच आठवड्यात आपल्याकडे पेरणीनंतरचं पीक माना टाकत असू शकतं, कारण आपले गंगापूर आणि वैजापूर तालुके पर्जन्यछायेत आहेत. म्हणून आपल्याला दोन हिशेब वेगळे ठेवावे लागतात. एक गोदावरीचा, एक शिवनेचा. पहिला वर्तमानपत्रात मिळतो, दुसरा आपल्यालाच मांडावा लागतो, आणि तो मांडायची वेळ ऑक्टोबर हीच आहे. मे महिन्यात मांडून फायदा नाही, कारण तोवर पाणी वापरून झालेलं असतं.

आधी बातमीतले आकडे नीट वाचायला शिकू. धरणाची टक्केवारी बहुतेक वेळा उपयुक्त साठ्याची असते. जायकवाडीचा एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे दलघमी; त्यातला उपयुक्त साठा २,१७१ आणि उरलेला ७३८ मृतसाठा. त्यामुळे 'शून्य टक्के' छापून आलं तरी धरणात ७३८ दलघमी पाणी असू शकतं, आणि पिण्याचा पुरवठा त्यातूनही चालवता येतो. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दलघमी. एक दलघमी म्हणजे १०० कोटी लिटर. 'इतके क्युसेक सोडले' असं वाचलं तर लक्षात ठेवा, साधारण ११,५०० क्युसेक दिवसभर वाहिले की एक टीएमसी होतं. एवढं पाठ असलं की कोणी कितीही मोठा आकडा सांगितला तरी तो आपल्या मापात बसवता येतो.

गोदावरीच्या हिशेबात १५ ऑक्टोबर ही तारीख महत्त्वाची आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातल्या टंचाईचा भार वरच्यांनी आणि खालच्यांनी वाटून घ्यायचं तत्त्व आहे. गोदावरीच्या पाणीवाटपावरच्या मेंढेगिरी समितीच्या अहवालानंतर प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश दिला, आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांखाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे सूत्र रूढ झालं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ते उचलून धरलं. २०२३ साली ऑगस्ट कोरडा गेला, ऑक्टोबरात जायकवाडी ४७ टक्क्यांच्या आसपास राहिलं, आणि वरच्या धरणांतून ८.६ टीएमसी पाणी सोडायचा आदेश निघाला. प्रत्यक्ष पाणी सुटायला नोव्हेंबरची अखेर आली. वरच्यांच्या आणि खालच्यांच्या या वादात मराठवाड्याची बाजू न्यायाची आहे असं मी मानतो. पण वादाचा निकाल काहीही लागला, तरी शिवनाकाठच्या विहिरीत त्यातून एक फूटही पाणी वाढत नाही. आपल्या भागाचा गोदावरीशी थेट संबंध येतो तो नांदूर मधमेश्वर जलद कालव्यातून. या कालव्याची भिस्त इगतपुरी भागातल्या मुकणे, भाम, भावली आणि वाकी या धरणांवर आहे आणि तो वैजापूर, गंगापूर तालुक्यांसाठी काढलेला आहे. तुमचं शेत त्याच्या लाभक्षेत्रात असेल तर कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत किती आवर्तनं ठरली ते विचारा, आणि पाणी मागणीचा नमुना ७ चा अर्ज जाहीर केलेल्या मुदतीत भरा. आपण कालव्याच्या शेपटाकडचे. शेपटाला पाणी पोहोचत नाही ही तक्रार करायची तर मागणी कागदावर असावी लागते. नुसतं 'आमच्यापर्यंत येतच नाही' म्हणून कोणी दखल घेत नाही.

आता शिवनेकडे वळू, कारण खरं काम इथं आहे.

पहिली नोंद पावसाची. जिल्ह्याची सरासरी बघू नका. आपल्या महसूल मंडळाचा आकडा बघा. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय पाऊस मिळतो, मोबाइलवर दोन मिनिटांचं काम आहे. एकूण मिलिमीटरबरोबर तो किती दिवसांत पडला तेही लिहा. दोन रात्रींत धुऊन गेलेला २०० मिमी आणि महिनाभर रिमझिमलेला २०० मिमी विहिरीला सारखा नसतो. दुसरी नोंद वरच्या धरणाची. कन्नड तालुक्यातला शिवना टाकळी मध्यम प्रकल्प आपल्या वरच्या अंगाला आहे. तो भरला की सांडव्याचं पाणी नदीला येतं. तो अर्धवट राहिला तर सप्टेंबरनंतर नदीपात्राला फारसा आधार उरत नाही. जायकवाडीचा टक्का विचारण्याआधी टाकळीचा विचारायची सवय लासूरकरांनी लावून घेतली पाहिजे. तिसरी नोंद आपल्या विहिरीची. तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. वर माती, मग मुरूम, मग भेगाळलेला खडक, त्याखाली कठीण पाषाण. मधेच कुठं मांजऱ्या दगड किंवा तांबड्या बोलाचा पट्टा. या खडकाची साठवण फार थोडी. एक घनमीटर भेगाळलेल्या खडकातून साधारण १० ते ३० लिटर पाणीच आपल्या हाती लागतं. म्हणूनच आपल्या विहिरी एका चांगल्या पावसाळ्यात काठोकाठ भरतात आणि पुढच्याच एप्रिलात तळ दाखवतात. मागच्या साली पूर आला होता म्हणून यंदा चालून जाईल, हा हिशेब गाळाच्या मोठ्या मैदानात कदाचित चालेल, पाषाणात चालत नाही. इथं दर वर्षीचा जमाखर्च त्याच वर्षी मिटतो.

विहीर मोजायची ती पहाटे, मोटार रात्रभर बंद ठेवून. दोरीला दगड बांधा, काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा, आणि एका वहीत लिहा. दर महिन्याच्या एक तारखेला हेच करा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची मोजणी वर्षातून चार वेळा करते आणि पावसाळ्यानंतरची पातळी मागच्या ५ वर्षांच्या सरासरीशी ताडून बघते. सरासरीपेक्षा पातळी ३ मीटरहून जास्त खाली असेल तर टंचाई ऑक्टोबरपासूनच, २ ते ३ मीटर असेल तर जानेवारीपासून, १ ते २ मीटर असेल तर एप्रिलपासून, असा त्यांचा ढोबळ आडाखा असतो. तुमच्याकडे ५ वर्षांची वही असेल तर हाच आडाखा तुम्ही स्वतःच्या विहिरीला लावू शकता. नसेल तर यंदा सुरू करा, आणि तोपर्यंत घरातल्या जाणत्यांना विचारा: २०१२, २०१५, २०१८ आणि २०२३ या वर्षी दिवाळीत पाणी कितव्या पायरीला होतं. माणसं तारीख विसरतात, पायरी विसरत नाहीत.

पातळीइतकीच महत्त्वाची पाण्याची आवक. मोटार चालवून पाणी ठरावीक खुणेपर्यंत उतरवा, मोटार बंद करा, आणि एक फूट पाणी वर यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. २० फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. अशा विहिरीत २० फूट पाणी उभं असलं तर ते पावणेदोन लाख लिटरच्या आसपास भरतं. डोळ्यांना ते खूप दिसतं. पण मोकळं पाणी सोडून एक एकर भिजवायचा तर एका पाळीला दोन लाख लिटरच्या वर पाणी लागतं. म्हणजे दिसणारी विहीर एका पाळीलाही पुरत नाही, पीक उभं राहतं ते आवकीवर. ऑक्टोबरात तासाला एक फूट चढणारी विहीर जानेवारीत दोन-तीन तास लावू लागली, तर मार्चच्या पाळ्या कुठून द्यायच्या हे डिसेंबरातच ठरवलं पाहिजे.

उन्हाळ कांद्याचा खर्च इथं मांडून बघा. मोकळ्या पाण्यावर बारा पाळ्या धरल्या आणि पाळीला दोन लाख लिटर धरलं तरी एकराला २४ लाख लिटर होतात. माणशी रोज ५५ लिटर या जलजीवन मिशनच्या मापाने हे १२० माणसांचं वर्षभराचं पाणी आहे. कांदा लावू नका असं मी म्हणत नाही. लासूरची बाजारपेठ कांद्यावर उभी आहे आणि दोन पैसे त्यातूनच सुटतात. पण क्षेत्र बाजारभावावरून ठरवण्याआधी विहिरीच्या आवकीवरून ठरवा. आवक कमी दिसत असेल तर अर्ध्या रानात हरभरा घ्या, त्याला दोन पाळ्या मिळाल्या तरी तो पदरात काही टाकतो; भारी जमिनीत ज्वारी ओलीवरच बरीचशी निघते आणि जनावरांना कडबा मिळतो. कांदा ठेवाल तो ठिबकवर किंवा तुषारवर ठेवा. चार एकर लावून दोन एकर वाळवण्यापेक्षा दोन एकर लावून दोन एकर काढणं केव्हाही फायद्याचं, कारण वाळलेल्या दोन एकरांनी प्यालेलं पाणी परत येत नाही.

शेततळ्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. पावसाळ्यात नाल्याचं वाहतं पाणी घेऊन भरलेलं शेततळं ही उत्तम गोष्ट आहे. पण नोव्हेंबर-डिसेंबरात बोअर आणि विहीर उपसून अस्तरीकरण केलेलं शेततळं भरायचं, म्हणजे जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी उन्हात आणून ठेवायचं. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या पाण्याचे रोज ८ ते १० मिलिमीटर उडून जातात. ३० मीटर लांब-रुंद तळ्यातून ते दिवसाला ७ ते ९ हजार लिटर होतात. शिवाय ते पाणी एकट्याच्या वावराखालचं नसतं. शेजाऱ्याच्या विहिरीची पातळीही त्याने उतरते.

बोअरच्या बाबतीत तेच. आठशे फुटांवर पाणी लागेल या आशेने गाडी बोलावली जाते. पाषाणात खोल गेलं की भेगा कमी होत जातात. बहुतेक वेळा फुफाटाच उडतो, आणि क्वचित लागलं तर ते जुनं साठलेलं पाणी असतं, दोन हंगामांत संपणारं. भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल बोअर घ्यायला बंदी आहे आणि गावाच्या सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर वा बोअर घ्यायचं तर परवानगी लागते. हा नियम गावात कोणाला माहीत नसतो, म्हणून तो ग्रामसभेत वाचून दाखवा. ज्या पैशात एक कोरडं बोअर होतं, त्यात ठिबकचा बऱ्यापैकी संच येतो.

गावाने म्हणून करायचं सगळ्यात तातडीचं काम नदीत आहे. शिवनेवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांना दारं कधी बसतात यावर काठच्या विहिरींचा फेब्रुवारी ठरतो. नदी वाहती असतानाच, परतीच्या पावसाचा जोर ओसरला की दारं टाकायला हवीत. दोन आठवडे उशीर झाला तर तेवढं पाणी गेलं नाथसागरात. घाई केली आणि मागून पूर आला तर बंधारा फुटायची, काठ वाहून जायची भीती असते. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस मराठवाड्यात जो पूर आला तो सगळ्यांनी पाहिला आहे. म्हणून हवामान खात्याचा अंदाज बघून, वरच्या धरणाचा विसर्ग विचारून दिवस ठरवा. त्याआधी ऑगस्टमध्येच बंधाऱ्यावर जाऊन दारं मोजा. किती आहेत, किती गंजली, किती चोरीला गेली, रबरी पट्ट्या शाबूत आहेत का. बंधारा जलसंपदाचा आहे, जलसंधारणाचा की जिल्हा परिषदेचा, हे आधी शोधून त्या कार्यालयाला ग्रामपंचायतीच्या ठरावासह पत्र द्या. 'दारं नाहीत' हे ऑक्टोबरात कळलं तर निविदा निघेपर्यंत नदी आटते.

स्टेशनावर राहणाऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी आणि जिनिंगवाल्यांनी हा शेतकऱ्यांचा विषय आहे असं समजू नये. तुमच्याकडे पत्रे आहेत. १०,००० चौरस फुटांच्या शेडवर हंगामात ५०० मिमी पाऊस पडला आणि त्यातला पाचवा भाग वाया गेला असं धरलं, तरी सुमारे ३.७ लाख लिटर पाणी पन्हाळीतून बाहेर पडतं. गाळणखड्डा करून ते आपल्याच बोअरमध्ये सोडता येतं. खड्ड्यात खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर वाळू, आणि पहिल्या एक-दोन पावसांचं घाण पाणी बाहेर काढायला वेगळी तोटी. रसायनं किंवा खतं साठवलेल्या आवारातलं पाणी मात्र बोअरात कधीही सोडू नका.

आता टंचाई आलीच तर काय करायचं ते. दर वर्षी जिल्हा प्रशासन टंचाई कृती आराखडा करतं, तो तीन टप्प्यांत असतो: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. आपल्या गावाचं नाव कुठल्या टप्प्यात, कुठल्या उपाययोजनेखाली आहे हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून ऑक्टोबरातच माहीत करून घ्या. उपाय म्हणजे फक्त टँकर नव्हे. नळयोजनेची विशेष दुरुस्ती, बंद पडलेल्या विंधन विहिरींची दुरुस्ती, नवी विंधन विहीर, तात्पुरती पूरक नळयोजना, विहिरीतला गाळ काढून ती खोल करणं, नदीपात्रात बुडकी घेणं, खासगी विहीर अधिग्रहित करणं, हे सगळे त्यात येतात आणि ते टँकरपेक्षा स्वस्त आणि टिकाऊ आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यात शेकडो गावं टँकरवर होती. त्यातल्या कित्येक ठिकाणी जानेवारीत दुरुस्तीचा प्रस्ताव गेला असता तर टँकर लांबला असता, असं माझं ठाम मत आहे.

गावाची गरज किती, हेही ठरावात आकड्याने लिहा. १०,००० वस्तीला माणशी ५५ लिटरने रोज साडेपाच लाख लिटर लागतात. १५ ऑक्टोबर ते जूनअखेर म्हणजे सुमारे १४ कोटी लिटर, ०.१४ दलघमी. धरणाच्या मापात हा आकडा चिमूटभर आहे, म्हणूनच कुठल्याही तलावातून पिण्याचं पाणी राखून ठेवायची मागणी करताना तो लिहून दाखवला की ती नाकारणं अवघड जातं. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम आहे. जनावरांचं पाणी त्यात धरायला विसरू नका. उन्हाळ्यात एका दुभत्या जनावराला ५० लिटरच्या पुढे लागतं.

टँकरची वेळ आली तर ग्रामपंचायतीचा ठराव गटविकास अधिकाऱ्यांकडे जातो, तहसील आणि पंचायत समितीची संयुक्त पाहणी होते, मग मंजुरी मिळते. पाहणीला येणाऱ्यांना विहिरींची वही दाखवा. तोंडी सांगण्यापेक्षा तिने काम लवकर होतं. टँकरच्या पाण्याचा हिशेब माणशी २० लिटरचा असतो. किती खेपा मंजूर, किती झाल्या, हे लॉगबुकात लिहिलं जातं. त्यावर सही करायची जबाबदारी गावातल्या बायांकडे द्या, कारण खेप आली की नाही हे त्यांच्याइतकं नेमकं कोणाला ठाऊक नसतं. टँकर विहिरीत ओतून मग शेंदायचा प्रकार शक्यतो टाळा, त्यात पाणी गढूळतं आणि रेटारेटीत अपघात होतात. साठवण टाकी आणि तोट्या मागा.

पाणी जितकं खाली जातं तितकं ते जास्त जपून प्यावं लागतं. तळाशी क्षार वाढतात, गाळ येतो, आणि अधिग्रहित विहीर आजवर फक्त शेताला वापरलेली असेल तर तिच्याभोवती खतं, फवारणीचे डबे, शेणखड्डा काय काय आहे ते बघावं लागतं. जलसुरक्षकाकडून पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून घ्या. ब्लीचिंग पावडर टाकल्यावर शेवटच्या नळाला क्लोरीनच्या ओटी तपासणीत पिवळसर रंग येतो का ते बघा. टाकीजवळ येतो आणि टोकाच्या वस्तीत येत नाही, असं पुष्कळदा होतं. आणि जूनमध्ये पहिला पाऊस झाला, नाले वाहिले, की टँकर बंद व्हायची घाई सगळ्यांनाच असते. ते पहिलं पाणी विहिरीत सगळी घाण घेऊन उतरतं. जुलाबाच्या साथी त्याच पंधरवड्यात येतात. नव्या पाण्याची तपासणी होऊन अहवाल हाती येईपर्यंत पिण्याचं पाणी उकळून घ्या, आणि तपासणीआधी टँकर बंद करू नये असं ग्रामपंचायतीने लेखी कळवावं.